बस्तकिया

संयुक्त अरब अमिरातीतील दुबई शहराची जुनी व्यापारी वस्ती. ती खाडीच्या बर दुबई काठावर आहे. २०१२ पासून तिचे अधिकृत नाव ‘अल फहिदी’ असले, तरी बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे.

दक्षिण इराणमधील बस्तक गावावरून हे नाव पडले. वस्तीचा आरंभ बहुधा १८९० च्या दशकात धरतात. लिंगे बंदरावर इराणी जकात जाचक झाल्यावर, म्हणजे १९०२ च्या सुमारास, व्यापारी इकडे वळले असेही एक मत आहे. दुबईचे शेख मक्तूम बिन हशर (कार. १८९४–१९०६) यांनी त्याच काळात जकात माफ केली होती. काही घराणी आधी आली आणि पुढे ओघ वाढला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ तेव्हा मुंबई होती.

घरांवरील चौकोनी वातमनोऱ्यांना ‘बर्जील’ म्हणतात. फारसी ‘बादगीर’ (वारा पकडणारा, ‘जहांगीर’मधला ‘गीर’ तोच) याचेच हे रूप मानले जाते. वारा घराकडे वळवण्याच्या युक्त्या प्राचीन ईजिप्तमध्येही होत्या आणि सिंधमधील हैदराबादेत एकतोंडी वातमनोरे होते. त्यामुळे मूळस्थानाबद्दल मतभेद आहेत. दुबईतील चौतोंडी घडण मात्र इराणी किनाऱ्यावरून आली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. खाली उभे राहून वर पाहिले, की फुलीच्या आकाराच्या भिंतींनी चौकोनाचे चार त्रिकोण झालेले दिसतात. वारा ज्या बाजूने येईल त्या त्रिकोणातून तो खोलीत उतरतो. समोरच्या त्रिकोणातून गरम हवा वर ओढली जाते. विजेविना चालणारी ही रचना फार देखणी आहे. भिंती प्रवाळी दगडाच्या, गिलावा जिप्समचा. छताला पूर्व आफ्रिकेतून आणलेले खारफुटीचे वासे असत. खोलीची रुंदी वाशाच्या लांबीवर ठरे, म्हणून खोल्या अरुंद व लांबट आहेत.

१९८० च्या दशकात सरकारी कचेरीसाठी वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. उरलेला भाग वाचवण्यासाठी येथेच राहणारे ब्रिटिश वास्तुविशारद रेनर ऑटर यांनी खटपट केली. १९८९ मध्ये दुबईला आलेल्या प्रिन्स चार्ल्स यांनीही जतनाचा आग्रह धरला. पाडकाम थांबले, हे मोलाचे झाले. पुढे नगरपालिकेने घरांची डागडुजी केली.

‘सिक्का’ म्हणजे येथील अरुंद, सावलीची गल्ली. जुन्या घरांत आता कलादालने, कॉफी संग्रहालय व उपाहारगृहे आहेत. जवळच अल फहिदी किल्ला (बहुधा १७८७) असून त्यात १९७१ मध्ये दुबई संग्रहालय सुरू झाले. पलीकडच्या देरा भागात ‘अब्रा’ या लाकडी होडीने जाता येते.