विम्याच्या कागदावरची किंमत आणि तारणाची किंमत

“कागदावर एवढी किंमत लिहिलीय आणि हा माणूस तिच्या चौथाईएवढंच कर्ज देतोय. लुटायलाच बसलेत!” हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने ‘कागदावर’ म्हटलं की पुढचं मीच मनात म्हणून टाकते. लुटणारे आहेत, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा भानगड त्या कागदाची असते. तो दागिन्याच्या विम्यासाठी केलेला असतो आणि माणूस दागिना गहाण ठेवताना तोच तारणाच्या टेबलावर आपटत असतो.

किरकोळ घोळ आधी उरकून घेऊ. गहाण ठेवणं म्हणजे विकणं नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. सोन्याचा कॅरट आणि हिऱ्याचा कॅरट यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला शुद्धता सांगतो (१८ कॅरट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं), दुसरा वजन (एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम). आणि प्रयोगशाळेचा दाखला म्हणजे मूल्यांकन नव्हे. जीआयए ही रत्नं तपासणारी अमेरिकी संस्था १९३१ पासून आहे, पण तिच्या हिऱ्याच्या अहवालात रंग, स्वच्छता, पैलू, वजन सगळं मिळेल, पैशाचा आकडा मिळणार नाही. बस्स.

आता खरा घोळ.

विम्यासाठी मूल्यांकन करणाऱ्याला एकच प्रश्न सोडवायचा असतो: हे ब्रेसलेट आज हरवलं, तर अगदी तसंच नवं आणायला किती पैसे लागतील? म्हणजे त्या आकड्यात सोनं आणि हिरे येतात, घडणावळ येते, आणि शिवाय झगमगत्या दालनाचं भाडं, जाहिराती, मखमली डबी, कर आणि दुकानाचा नफाही येतो. पुढे भाव वाढतील म्हणून वर थोडा हात सैल सोडलेला असतो तो वेगळाच. आकडा मोठा निघाला म्हणून कुणी तक्रार करत नाही, उलट मालक खूश होतो आणि वाढीव हप्ता निमूट भरतो. (मूल्यांकनाची फी किमतीच्या टक्केवारीत मागणारा भेटला तर मी तिथून उठते. तुम्हीही उठा.)

तारण घेणाऱ्याचा प्रश्न अगदी उलट्या बाजूचा. हा माणूस परत आलाच नाही, तर हे ब्रेसलेट मी कुणाला, किती दिवसांत आणि कितीला विकू शकेन? त्याचं गिऱ्हाईक दालनात बसून सरबत पिणारं नसतं. दुसरा व्यापारी असतो, नाहीतर लिलाव. लिलावात विकायचं तर कमिशन जातं, वाट पाहावी लागते आणि कधीकधी कुणी बोलीच लावत नाही. दालनाचं भाडं आणि जाहिरात या हिशेबात कुठेच बसत नाहीत, कारण ती वस्तूबरोबर तुमच्या घरी आलेलीच नव्हती.

आणि इथे लोक एका कपातीत दोन कपाती मिसळतात. नव्याच्या किमतीवरून पुनर्विक्रीच्या किमतीवर येणं ही पहिली उतरण. त्या पुनर्विक्रीच्या किमतीतला काही हिस्साच कर्ज म्हणून देणं ही दुसरी. उद्या सोन्याचा भाव पडला, व्याज थकलं, तर त्यासाठी तो फट ठेवतो. म्हणून समोरच्याला दोन आकडे वेगवेगळे विचारा: “तुमच्या हिशेबाने ही वस्तू विकली कितीला जाईल?” आणि “त्यातले किती देणार?” दुसरा आकडा कमी असेल तर ते त्याचं धोरण आहे, दुसरीकडे विचारून बघा. पहिलाच आकडा विचित्र कमी असेल, तर त्याला ती वस्तू कळलेलीच नाही, किंवा कळूनही कळवायची नाही. नुसतं ‘किती देता?’ विचारलं, की यातलं काय झालं ते समजायला मार्गच उरत नाही.

पहिला आकडा ठरतो कसा? आधी तळ, म्हणजे आतल्या सोन्याची नुसती किंमत. ४० ग्रॅमचं १८ कॅरटचं ब्रेसलेट असेल तर त्यात ३० ग्रॅम शुद्ध सोनं. त्याला त्या दिवसाचा भाव लावला, गाळण्याचा खर्च वजा केला की झाला तळ. खडे असतील तर त्यांचं वजन आधी अंदाजाने वजा होतं, कारण कोंदणातला खडा तराजूवर ठेवता येत नाही, त्याची मापं घेऊन गणित करावं लागतं. बारीक हिऱ्यांची तर बहुधा फारशी गणतीच होत नाही.

तळाच्या वर काय मिळेल, ते नावावर. पण ‘डिझायनर’ या शब्दावर नाही. या शब्दाचा मला मनापासून कंटाळा आलाय, कारण कुणाचंही काहीही त्यात खपतं. कार्टिए या फ्रेंच जवाहिर घराण्याचं लव्ह ब्रेसलेट बघा. आल्दो चिपुल्लो यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कला रेखाटलं, बारीक स्क्रूड्रायव्हरने मनगटावर बसवायचं. किंवा व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या दुसऱ्या फ्रेंच घराण्याचा १९६८ पासूनचा चार पाकळ्यांचा अलहाम्ब्रा हार. हे नमुने आजही नवे मिळतात, लांबून ओळखू येतात, आणि जुन्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. म्हणून तारण घेणारा तळाच्या वर चढतो. याउलट नामवंत कलाकाराकडून खास तुमच्यासाठी घडवलेला एकमेव हार. मजुरी प्रचंड, कौतुक प्रचंड, पण तसाच हार हवा असलेला दुसरा माणूस कुठून आणायचा? तो हार तळापाशीच येऊन बसतो. एल्सा पेरेट्टी यांनी १९७४ पासून टिफनी या अमेरिकी घराण्यासाठी केलेल्या चांदीच्या वस्तू हे तिसरं टोक. नाव मोठं, पण चांदीचा तळ इतका खोल की सगळी किंमत नावावरच उभी, आणि त्यावर कर्ज द्यायला पुष्कळजण कचरतात.

नावही सिद्ध व्हावं लागतं. नाव कुणीही कोरू शकतो, आणि चांगल्या नकला खऱ्या सोन्यात होतात, तेव्हा कसोटीवर घासून नकली नाव सापडत नाही. म्हणून भिंगाखाली शिक्के शोधतात: फ्रेंच बनावटीवर १८ कॅरटसाठी १८३८ पासून चालत आलेलं गरुडाचं मुंडकं, शंकरपाळ्याच्या आकारातला कारागिराचा शिक्का, अनुक्रमांक. पावती आणि मूळ डबी इथे कामाला येतात.

हिऱ्यालाही तेच. उष्णतेवर चालणारं पेनासारखं यंत्र टेकवलं की ‘पीक’ वाजतं आणि मालकाचा चेहरा खुलतो. पण हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसॅनाइट या दुसऱ्याच खड्यावरही ते वाजू शकतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर तर वाजणारच, कारण तोही हिराच आहे, फक्त पुनर्विक्रीत त्याला फार कमी किंमत मिळते. तो ओळखायला वेगळं यंत्र लागतं.

माझ्या एका मैत्रिणीबरोबर मी गेले होते. अंगठी नामांकित घराण्याची, डबीसकट. तपासणाऱ्याने भिंग लावलं, अंगठी आतून एकदा फिरवली, परत फिरवली आणि शांतपणे विचारलं, “माप कमी केलंय का?” केलं होतं, ओळखीच्या कारागिराकडून. अनुक्रमांकाचा अर्धा भाग कापलेल्या तुकड्याबरोबर गेला होता आणि उरलेला पॉलिशमध्ये. आकडा सरळ तळावर आला. म्हणून निघण्याआधी दागिना चमकवून नेणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार: पॉलिशने सोनंही जातं, कडाही गोल होतात आणि जे वाचायचं तेच पुसलं जातं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. मोती आणि पाचूला तेही जपून.

विम्याचा कागद मग नेऊच नये का? जरूर न्या. त्यात वजन, खड्यांची मापं, अनुक्रमांक, फोटो असतात आणि तपासणाऱ्याचं अर्धं काम त्याने सोपं होतं. मैत्रिणीच्या कागदावरूनच तो पुसलेला अनुक्रमांक निदान कळला तरी. फक्त आकड्यावर बोट ठेवून दाखवू नका, ते ठेवायचंच तर आकडा झाकण्यासाठी ठेवा.

उलटी चूक करणारेही आहेत, आणि ती जास्त महागात पडते. तारण सोडवून आणलं, हातात ताजं मूल्यांकन होतंच, तेच विम्याला लावून टाकलं. हप्ता कमी झाला म्हणून आनंद. मग वस्तू चोरीला गेली की भरपाई त्या लिलावी आकड्याच्या पुढे सरकत नाही, आणि दुकानात त्या पैशांत तसं ब्रेसलेट कुणी देत नाही. विम्यासाठी नवं मूल्यांकन करून घ्या, आणि भाव हलले की दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा.