ओट्याखालचा चिकटा

अनवाणी पायानं शेगडीसमोर उभं राहिलं की तळपाय चट्ट करून सुटतो. तेही रोज साबणाच्या पाण्यानं फरशी पुसून! मी आधी फडकं बदललं, मग घासणी. दोष दोघांचाही नव्हता.

ओला कढीपत्ता फोडणीत पडला की त्याच्यावरच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती सुमारे 1600 पट जागा मागते. त्या धक्क्यानं तेलाचे कण उडतात. मोठे ओट्यावर पडतात, बारीक तरंगत तरंगत फरशीवर उतरतात. त्याच दिवशी पुसलं तर ते साबणाला निघतं. राहिलं, तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेलाचे रेणू एकमेकांना सांधत जातात आणि त्यांचं जाळं होतं. सोलापुरात विणकाम चादरींचंच चालतं असं नाही! साबण सुटं तेल उचलतो, विणलेलं नाही.

खरं तर हा चिकटा म्हणजे ऑइलपेंटच. जवसाचं तेल रंगात घालतात ते याच गुणासाठी. आपल्या शिवारातली करडई जवसाच्या मागोमाग येते: तिच्या तेलात सहज सांधलं जाणारं लिनोलिक आम्ल सुमारे 75 टक्के, शेंगतेलात 30च्या आसपास. त्यात मे महिन्यात पारा 43वर गेला की हे काम आणखी झपाट्यानं होतं. बिडाच्या तव्यावर तेलाचा थर 'धरतो' तोही असाच. तिथं मात्र आपण कौतुक करतो.

जाळं तोडतो धुण्याचा सोडा. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, बादली प्लास्टिकची (ॲल्युमिनियमचं पातेलं तो खातो), हातात रबरी मोजे. फरशीवर ओतून वीस मिनिटं दुसरं काम करावं. तेवढ्यात चिकट्याचाच थोडा साबण होतो. ब्रश फिरवला की तपकिरी लगदा सुटतो. खाण्याचा सोडा यापुढे मवाळ, आणि त्यात व्हिनेगर ओतणं म्हणजे दोघांनाही वाया घालवणं. शेवटी दोनदा साध्या पाण्यानं पुसायचं. बोअरच्या जड पाण्यात साबणाची कॅल्शियमशी गाठ पडून चिकट साका उरतो, त्यावर धूळ बसते.

ॲसिडची बाटली मात्र लांब ठेवा, ब्लीचजवळ तर नकोच. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन निघतो. जुन्या घरांतली शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडताच फसफसते आणि बघणाऱ्याला वाटतं, काय मळ निघतोय! निघत असते ती फरशी.