माळ्यावरच्या स्पूलला लाखाचा भाव नसतो

नाशकात जुना वाडा पाडायला निघाला, की माळ्यावरून स्पूलचा, म्हणजे उघड्या चकत्यांवर फीत गुंडाळणारा, टेपरेकॉर्डर खाली येतो आणि कुणीतरी हमखास सांगतं, "देऊ नका, लाखांत जातो." हे खरं नाही. ग्रुंडिग, फिलिप्सची घरगुती यंत्रं 1950 आणि 60च्या दशकांत युरोपात प्रचंड संख्येने बनली. ती दुर्मीळ कधीच नव्हती. मोठा भाव येतो तो स्टुडर, नाग्रा अशा व्यावसायिक स्विस यंत्रांना, तोही चालू स्थितीत. ओळखायचं असेल तर वेग बघा: घरगुती यंत्रात फीत सेकंदाला साधारण 9.5 किंवा 19 सेंटिमीटर सरकते, स्टुडिओत 38.

पंचवटीतल्या एका काकांचं यंत्र मी उघडलं. रबरी पट्टा वितळून डांबरासारखा पुलीला चिकटलेला. स्पिरिटने पुसता पुसता बोटं काळी झाली. फितीवरचा आवाज वाचणारं हेड झिजलेलं, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) गेलेले. दुरुस्तीचा खर्च विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त. अशा यंत्राला तपासल्याशिवाय वीज जोडू नका, पण फिती मात्र भंगारात घालू नका! काकांच्या एका फितीवर त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या निघाल्या. त्या आम्ही दुसऱ्या चालू यंत्रावर लावून आधी संगणकात उतरवून घेतल्या.