शोकांतिकेतील पात्रवर्णनाच्या संज्ञा

शोकांतिकेतल्या पात्रांविषयी लिहिताना वापरल्या जाणाऱ्या मुख्य संज्ञा अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तल्या आहेत. त्याच्या मते (प्रकरण १३) शोकनायक सर्वगुणसंपन्न नसतो आणि दुष्टही नसतो. दुर्गुणामुळे नव्हे, तर एखाद्या मोठ्या प्रमादामुळे (हॅमार्शिया) तो विपत्तीत पडतो.

मराठी वाचकाला राम गणेश गडकरींचे ‘एकच प्याला’ हे उदाहरण जवळचे, बडोदेकरांना तर अधिकच. गडकरींच्या निधनानंतर महिनाभरात, फेब्रुवारी १९१९मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग बडोद्यातच केला.

नाटकाचा नायक, वकील सुधाकर, याच्याविषयी ‘सुधाकरचा प्रमाद म्हणजे दारू’ हे विधान नेहमी लिहिले जाते आणि ते अपुरे आहे. प्रमाद ही कृती असते, सवय नव्हे. तो शोधायचा तर पतनापासून मागे मागे जावे. हातात पहिला प्याला का आला? वकिलीची सनद गेल्याचे शल्य सोसवेना म्हणून. सनद का गेली? भर कोर्टात मुन्सफापुढे मानी सुधाकरचा तोल सुटला म्हणून. जो निर्णय पात्राने स्वतः घेतला आहे, ज्याचे परिणाम त्याला तेव्हा दिसले नाहीत आणि जो काढला तर पुढचे नाटकच उरत नाही, तो प्रमाद. या मानीपणाला सरसकट ‘ह्युब्रिस’ म्हणू नये. ग्रीकांच्या लेखी ह्युब्रिस म्हणजे दुसऱ्याची मुद्दाम केलेली मानहानी.

विपर्यास (पेरिपेटिया) म्हणजे नुसते वाईट दिवस येणे नव्हे, कृतीचे फळ उलटे मिळणे. अपमान विसरण्यासाठी घेतलेली दारू सुधाकरला आणखी अपमानित करते. अभिज्ञान (अ‍ॅनाग्नोरिसिस) म्हणजे अज्ञानातून ज्ञानाकडे जाणे. सोफोक्लीजच्या ‘ईडिपस’ या ग्रीक नाटकामध्ये हे दोन्ही एकाच वेळी घडते आणि अ‍ॅरिस्टॉटलला तीच रचना सर्वोत्तम वाटते. सुधाकरचे तसे नाही. दारूच्या अवस्था तो स्वतःच आपला मित्र रामलाल याला उलगडून सांगतो. म्हणजे ज्ञान शेवटाच्या आधीच आलेले आहे, पण ते त्याला वाचवू शकत नाही. गडकरींची खरी ताकद इथे आहे. ती ग्रीक साच्यात कोंबू नये.

सुधाकरची पत्नी सिंधू प्रेक्षकांना सर्वाधिक रडवते, बालगंधर्वांनी तर ती अजरामर केली. तरी ती शोकनायिका नव्हे, करुण पात्र होय, कारण तिचा नाश तिच्या प्रमादातून होत नाही. सुधाकरला दारूच्या नादी लावणाऱ्या तळीरामाला खलनायक म्हणतात तेही सैलपणे. ‘ऑथेल्लो’तला इयागो जाणूनबुजून नाश रचतो, तळीराम मोहात ओढतो आणि त्याच दारूने स्वतःही मरतो.

धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत, धीरप्रशांत हे संस्कृत नायकभेद स्वभाव सांगतात, पतनाचे कारण सांगत नाहीत. म्हणून ‘धीरोदात्त शोकनायक’ असे लिहिले, तरी प्रमाद वेगळा दाखवावाच लागतो.