देवमासा पाहायचाय? आधी वाऱ्याची दिशा पाहा

नकाशावर नागपूरपासून फूटपट्टी लावून पाहा. मुंबईचा समुद्र सरळ रेषेत जवळपास ७०० किलोमीटर, तर आंध्रातल्या काकीनाड्याचा ५७०च्या आसपास. म्हणजे आपल्याला जवळचा समुद्र बंगालच्या उपसागराचा. पण देवमासा पाहायचा तर नुसतं अंतर मोजून भागत नाही. त्या महिन्यात वारा कुठून वाहतो आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर पाणी खोल होतं, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात.

बहुतेक मोठे देवमासे ध्रुवाकडच्या थंड पाण्यात पोट भरतात आणि विणीसाठी उबदार समुद्रात येतात. उत्तर हिंदी महासागरातल्या देवमाशांना उत्तरेकडे जायला वाटच नाही, वर आशिया खंड आडवा पसरलाय. तरी ते उपाशी राहत नाहीत, कारण त्यांना मान्सून पोसतो. पावसाळी वारे ओमान, सोमालिया आणि केरळच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाजूला ढकलतात. त्याच्या जागी खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर कोळंबीसारखे बारीक जीव वाढतात. देवमासा त्यांच्या मागावर असतो. उन्हाळ्यात ताडोब्याला गेल्यावर आपण पाणवठा धरून बसतो, तसं समुद्रात या खाद्याचा ठिकाणा धरायचा.

श्रीलंकेच्या संशोधिका आशा डी व्हॉस यांना २००३ मध्ये याचा रोकडा पुरावा पाण्यावर तरंगताना दिसला. निळे देवमासे एकत्र जमले होते आणि त्यांच्याजवळ लालभडक विष्ठा पसरली होती. विष्ठा आहे म्हणजे खाणं इथेच चालू आहे! उबदार पाण्यात देवमासे फारसं खात नाहीत, हा समज त्या लाल डागाने हलवला.

आपल्याला जमण्यासारख्या ठिकाणांत माझी पहिली पसंती श्रीलंकेलाच. एकाच बेटावर दोन किनारे आणि दोन हंगाम. दक्षिणेच्या मिरिस्सा गावातून डिसेंबर ते एप्रिल बोटी निघतात. तिथे उथळ समुद्राचा पट्टा अगदी अरुंद आहे. सकाळी निघालेली बोट थोड्याच वेळात खोल पाण्यावर पोहोचते आणि निळा देवमासा, म्हणजे पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, तिथे दिसतो. जूनमध्ये मात्र तिथे जाऊ नका, नैऋत्येचा वारा समुद्र खवळून टाकतो. त्याच वेळी पूर्वेचं त्रिंकोमाली शांत असतं, कारण तिथे तो वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. बंदराच्या तोंडाशीच समुद्रतळात खोल दरी आहे आणि मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत निळे देवमासे व स्पर्म व्हेल (दात असलेली, मोठ्या डोक्याची देवमाशाची जात) दिसण्याची शक्यता असते. कोणेश्वराचं देऊळ ज्या कड्यावर आहे, तिथून कधीकधी जमिनीवर उभं राहूनही देवमाशांच्या श्वासाचे फवारे दिसतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मृग लागल्यावर कोकणातल्या पर्यटन बोटी बंद असतात, तेव्हा सुट्टीतल्या आपल्या मुलांना त्रिंकोमालीचा किनारा मोकळा असतो, हे फार कमी जण लक्षात घेतात.

मग कोकण? मुंबईपुढे उथळ समुद्राचा पट्टा २०० किलोमीटरहून जास्त रुंद आहे, त्यामुळे देवमासे सहसा लांबच राहतात. ते नाहीतच असं नाही. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली. ओमानजवळ उपग्रहाने माग काढणारा टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची हंपबॅक जातीच्या देवमाशाची मादी २०१७च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत गेली. तिच्या जातीचे ओमानच्या समुद्रात शंभराच्या आतच उरलेत असा अंदाज आहे. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात दोनशेहून अधिक हंपबॅक मारले, ती जखम अजून भरलेली नाही.

म्हणून कोकणात जायचं ते डॉल्फिनसाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळची वेळ. मडगावच्या गाडीने कुडाळला उतरून मालवण-तारकर्ली गाठा, किंवा दापोलीजवळ मुरूड, कर्दे, हर्णै. इथला डॉल्फिन पाठीवर वाशिंड असलेला. श्वास घ्यायला वर येताना आधी चोच दिसते, मग वाशिंड आणि त्यावरचा छोटा पर. पुरीची गाडी सोयीची असेल तर चिलिका सरोवरावरचं सातपाडा गाठा. तिथे सुमारे दीडशे इरावती डॉल्फिन आहेत, बिनचोचीचे, गोल डोक्याचे.

देवमासा शोधताना शेपटीची वाट पाहत बसू नका, क्षितिजावर फवारा शोधा. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ उभा, सुमारे ९ मीटर उंच. स्पर्म व्हेलचं श्वासाचं भोक डोक्याच्या डाव्या बाजूला असतं, म्हणून त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे कलतो. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की फवारे ओळखू येत नाहीत, म्हणून पहाटेचीच बोट घ्या. निळा देवमासा बुडाला की शेपटीच्या रेट्याने पाण्यावर तेलकट, गुळगुळीत गोल उमटतो. तिथे घड्याळ लावा, साधारण दहा-पंधरा मिनिटांत तो जवळपास कुठेतरी वर येतो. गाडी लागणाऱ्यांना बोटही लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवावी.

मिरिस्साजवळूनच मालवाहू जहाजांचा मोठा मार्ग जातो आणि धडकांत देवमासे मरतात. २०२२ मध्ये एका बड्या जहाज कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, हे फार चांगलं झालं. पण पर्यटकांच्या बोटींचा त्रासही खरा आहे. एका प्राण्याला पाच-सहा बोटींनी घेरलं की तो घाईने बुडी मारतो, श्वास पुरता घेत नाही. बरेचसे नावाडी पाठलाग करतात ते गिऱ्हाईक ‘अजून जवळ’ म्हणतं म्हणून. पैसे देण्याआधीच त्यांना सांगा: १०० मीटरच्या आत जायचं नाही, समोरून आडवं यायचं नाही, पिल्लू दिसलं तर इंजिन मंद करून मागे राहायचं. हे मान्य नसेल, तर शेजारच्या बोटवाल्याला विचारा.