घासावं की धुवावं: जुन्या रेझरवरचा मुलामा

पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपं आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात मला एक जिलेट टेक रेझर सापडला, म्हणजे पातं बदलून वापरायचा, सुटा होणारा जुना धातूचा दाढीचा रेझर. साबणाच्या पुटांखाली 'मेड इन इंग्लंड' जेमतेम वाचता येत होतं. घरी आणला आणि समई घासायची सवय असलेल्या माणसाचं जे होतं तेच झालं: चिंच, पितळ उजळायची पावडर आणि मनगटाचा जोर. पुटं गेली, पण पात्यावरच्या टोपीच्या कडांवर पिवळी रेघ उमटली. ते खालचं पितळ होतं. वरचं निकेल मी स्वतःच्या हातानं उतरवलं होतं.

समई आरपार पितळेची असते, कितीही घासा, खाली पितळच लागतं. जुन्या रेझरचं तसं नसतं. 1903 साली जिलेटचे पहिले रेझर विकले गेले, वर्षभरात अवघे 51. त्या सुरुवातीच्या रेझरचं अंग पितळेचं आणि वर चांदीचा मुलामा. पुढे निकेल, सोनं, क्रोमही आलं. (गिलिटाचे दागिने आणि जिलेट यांचा संबंध नाही, पण दोन्हीकडे सोनं तेवढंच!) शोभेच्या क्रोमचा थर मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) निम्म्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड, यावरून अंदाज करा.

मग तो टिकतो कसा? कठीणपणामुळे. मोह्सच्या मापावर (कठीणपणाचं माप, हिरा म्हणजे दहा) क्रोम साडेआठच्या आसपास, निकेल चार, सोनं आणि चांदी अडीच ते तीन. पॉलिशमध्ये अनेकदा अॅल्युमिनाची पूड असते, तिचा कठीणपणा नऊ. पॉलिश लावलेल्या फडक्यावर येणारा काळा रंग बघून आपण खूश होतो, पण त्यात मळाबरोबर धातूही असतो. सोन्याच्या रेझरवर म्हणूनच पॉलिश नको, टूथपेस्टही नको. आधी वर काय आहे ते उजेडात पाहा: क्रोमची झाक निळसर, निकेलची किंचित पिवळट.

खरं तर बहुतेक घाण घासण्याची नसतेच. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट पांढरट थर बनवतं. बादलीच्या कडेला बसतो तोच. त्यावर साबण लावणं म्हणजे त्याच थरात भर. भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून रेझर सुटा करून अर्धा तास ठेवा, मग मऊ टूथब्रशनं आट्यांमधून फिरवा. पाणी गढूळ होताना बघायला मजा येते. टोपी दारासारखी उघडणारा रेझर मात्र सुटा करू नये. धुवून वाळवावा आणि सांध्यात तेलाचा थेंब सोडावा.

व्हिनेगर क्षार झटकन विरघळवतं, पण जिथे मुलामा फाटलाय तिथे ते पितळापर्यंत पोचतं. पितळातलं जस्त आधी निघून जातं आणि तांब्याचा गुलाबी डाग उरतो. म्हणून मिनिटभर, तेही अखंड निकेल-क्रोमवरच. रात्रभर भिजत ठेवणं टाळाच.

चांदीचं काळेपण म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. ते घासून काढलं तर चांदीही जाते. अॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा घेऊन रेझर फॉइलला टेकवला, की अॅल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी राहते. कुजक्या अंड्याचा वास आला तर समजा, काम चालू आहे.

माझ्या रेझरला पुन्हा मुलामा द्यावा का, हे मी एका प्लेटिंगवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आधी बफ मारावा लागेल." म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत होणार आणि 'मेड इन इंग्लंड'ची अक्षरं गोल होऊन पुसट होणार. मी रेझर परत खिशात टाकला. पिवळ्या कडांनीच सध्या दाढी चालू आहे.