तोंडओळखीचं मोल

'माझं कामच बोलेल', असं मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मनापासून म्हणत असे. माझ्या कितीतरी मैत्रिणी अजूनही म्हणतात. काम बोलतं हे खरंच, पण ते कुणाच्या कानावर पडतं? समाजशास्त्रज्ञ गेली पन्नास वर्षं हे मोजत आले आहेत, आणि त्यांच्या हाती जे लागलं ते नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईपर्यंत पोचायला हवं.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा शोधनिबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं होतं, की ज्याच्याकडून जागेची खबर लागली, त्याची नि तुमची गाठ तेव्हा किती पडायची? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. सुमारे ५६ टक्के अधूनमधून भेटणारे होते. उरलेल्यांची भेट वर्षाकाठी एकदा, नाहीतर तीही नाही.

रोज सोबत असणाऱ्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. तोंडओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडची बातमी आपल्यासाठी ताजी असते. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या अभ्यासाने या म्हणण्याला पुष्टी दिली आणि थोडी दुरुस्तीही केली: नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडते ती मधल्या अंतरावरची ओळख, फार घट्टही नाही आणि अगदीच पुसटही नाही.

बाईच्या वाट्याला मात्र याखेरीज आणखी काही येतं. २०१९ साली अमेरिकेतल्या एका नामांकित व्यवस्थापन संस्थेच्या सातशेहून अधिक पदवीधरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात झालेल्या लाखो ईमेलवरून (मजकूर न वाचता, फक्त कुणी कुणाला लिहिलं यावरून) कोण कुणाच्या किती जवळ आहे हे संशोधकांनी काढलं, आणि पुढे कुणाला किती वरची जागा मिळाली याच्याशी ते ताडून पाहिलं. पुरुषांसाठी गणित सोपं निघालं. ज्याच्या ओळखी अनेक गटांत पसरलेल्या, त्याला वरची जागा. बायकांनाही हा पसारा लागतच होता, पण वरच्या जागी पोचलेल्या बहुसंख्य बायकांपाशी जवळच्या मैत्रिणींचं एक छोटं कोंडाळंही होतं. पसारा आणि कोंडाळं दोन्ही असणाऱ्या बायकांना मिळालेल्या जागा, दोन्ही नसणाऱ्यांच्या तुलनेत अडीच पट वरच्या होत्या. अभ्यास एकाच संस्थेचा आहे आणि यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवायलाच हवं.

तरी त्यामागचं कारण मला अगदी ओळखीचं वाटतं. जाहिरातीत पद, पगार आणि पात्रता लिहिलेली असते. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईला तिथे तिचं जुनं काम परत मिळतं का, मुलाखतीत घरच्या जबाबदाऱ्यांबद्दल आडून आडून विचारतात का, पगाराचा आकडा बोलताना किती ताणून धरलं तर चालतं, हे जाहिरातीत कधीच नसतं. ते सांगणारी बाईच लागते, आणि तेही दार लोटून, विश्वासाने सांगणारी. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मोलाची आहे: या मैत्रिणींच्या ओळखी एकमेकींहून वेगळ्या असतील तर फायदा अधिक. चौघी एकाच विभागात, एकाच टेबलाशी बसणाऱ्या असतील तर प्रेम मिळतं, बातमी मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, बायकाच ओळखी वाढवायला कमी पडतात. ते मला मान्य नाही. आशियातल्या एका मोठ्या बँकेतल्या नोंदींवरून झालेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. साहेब बदलून पुरुष साहेबाच्या हाताखाली आलेल्या पुरुषांना बढती लवकर मिळत गेली, बायकांना मात्र तो लाभ झाला नाही. कामाचे तास किंवा कामगिरी वाढल्याचं काही दिसलं नाही. साहेब आणि हाताखालचा पुरुष दोघेही सिगारेट ओढणारे असले, की मधल्या सुट्ट्या एकत्र होत आणि बढतीचा वेग वाढे. दिवसाची ती दहा मिनिटं डोळ्यांसमोर आणा. जिन्याखाली दोघं उभे, हातात कागद नाही, विषय कुठलाही. पुढे जागा रिकामी झाली की साहेबाला त्याचंच नाव आधी सुचतं. त्याच वेळी ती आपल्या जागेवर बसून आकडे तपासत असते. हा दोष तिच्या स्वभावाचा कसा म्हणायचा? बढतीचे निकष लेखी हवेत, आणि कुणाच्या नावाचा विचार झाला याची नोंदही हवी. ते काम संस्थेचं आहे.

तिच्या हाती असलेली गोष्ट म्हणजे जुन्या ओळखी. मध्ये काही वर्षं नोकरी सोडावी लागलेल्या बाईला वाटतं, सगळे धागे तुटले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अधिकाऱ्यांना किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या माणसांकडे कामाबाबत सल्ला मागायला सांगितलं गेलं. आढेवेढे घेणारे होतेच. पण मिळालेला सल्ला रोजच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याइतका तरी उपयोगी ठरला आणि त्यात नवं काही जास्त होतं. जुना विश्वास शिल्लक असतो, आणि मधल्या काळात समोरचं माणूस नवं जग पाहून आलेलं असतं.

मी स्वतः असा निरोप सहा वर्षांनी एका जुन्या सहकारी बाईंना पाठवला. चार वेळा लिहून खोडला. शेवटी गेला तो एवढाच: 'ताई, आपण एकत्र केलेला तो शेवटचा अहवाल आज आठवला. मी पुन्हा काम शोधते आहे. तुमच्या क्षेत्रात सध्या काय चाललंय, पंधरा मिनिटं बोलाल का?' दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.